टोचणार नाही असं पाकीट

"बसा आता," मी म्हणाले. "बसल्यावर कुठं रुततंय ते सांगा."

थोरात बाई आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत कातड्याच्या गठ्ठ्यावर बसल्या. त्यांच्या कमरेला मी एक जुना पोलिसी पट्टा आवळला होता आणि त्याला कुठल्याशा हवालदाराचं रिव्हॉल्व्हरचं पाकीट अडकवलं होतं. बसल्याबरोबर त्यांनी ओठ दाबले.

"सगळीकडेच रुततंय," त्या म्हणाल्या.

पडद्याच्या पलीकडून आमचे हे म्हणाले, "पुरुषाचं पाकीट हाय ते. बाईच्या कमरेला कसं बसंल?"

आमचे हे म्हणजे धोंडिराम व्हटकर. तालुक्यातल्या पोलिसांचे पट्टे, बूट, पाकिटं सगळं आमच्याकडनं जायचं. पण बाईमाणसाच्या कमरेचं माप घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. थोरात बाई दुकानात येऊन बोलल्या तेव्हा ह्यांनी हातातली कातडं कापायची रापी खाली ठेवली, जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "मालन, माप तू घे." आणि स्वतः पडद्याबाहेर जाऊन बसले.

बाई आल्या तो शनिवार होता. तेरा-चौदा वर्षं झाली त्याला. अख्ख्या शाळेला ऐकवायची सवय असलेल्या आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "मला छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी पाकीट हवंय. दिसता कामा नये, टोचता कामा नये, आणि दिवसभर अंगावर राहिलं पाहिजे."

माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागनं येतं. मी म्हणाले, "बाई, दिसू नये, टोचू नये आणि दिवसभर सोबत राहावं, असा तर नवरापण मिळत न्हाई."

बाई हसल्या नाहीत. मग मला आठवलं की ह्या खडकमाळच्या थोरात बाई. सुभेदार थोरातांची बायको. जीभ हासडून टाकावी असं झालं मला.

सुभेदारांचं सगळ्या तालुक्याला माहीत होतं. खडकमाळच्या गायरानात रणधीर काटकरनं खडी काढायला सुरुवात केली. सुभेदार आडवे पडले, कागद घेऊन कचेरीत बसायला लागले. एका सकाळी शाळेसमोर काटकरच्या टिपरनं त्यांना चिरडलं. ड्रायव्हरनं सगळं अंगावर घेतलं, म्हणाला मी चालवत होतो. पण बाई शाळेच्या व्हरांड्यात प्रार्थनेला उभ्या होत्या. त्यांनी बघितलं होतं, स्टेअरिंगवर काटकर स्वतः होता. आणखी चौघांनी बघितलं होतं. चौघांनाही नंतर काही आठवेना.

पहिल्या तारखेला बाई रिक्षानं निघाल्या तर खिंडीत एका टिपरनं रिक्षा चरात घातली. गळ्याजवळचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली. दुसऱ्या तारखेला काटकरच्या वकिलानं पुढची मागून घेतली. आता येत्या गुरुवारी तिसरी. न्यायाधीशांनी सांगितलं होतं की ह्या वेळी साक्षीदार अकराला हजर नसेल तर त्याच्याशिवाय पुढं जाऊ. बाई नसल्या तर काटकर सुटला, एवढं सरळ होतं.

"मी कोर्टात नेणार नाही ते," बाई मला म्हणाल्या. "दारावर जमा करीन. मला फक्त रस्त्यापुरतं हवंय. घरापासून कोर्टाच्या दारापर्यंत."

"पर्समध्ये ठेवा की."

त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "मोज," असं म्हणता म्हणता थांबल्या आणि "मोजा" म्हणाल्या. मी एक, दोन करत मोजायला लागले आणि त्या हत्यार काढायला. चेन उघडली, चष्म्याचं घर निघालं, रुमाल, खडूचा डबा, अर्जांची जाड पाकिटं, आणि मग तळाशी कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर. मी सोळावर पोचले होते.

"सोळापर्यंत कोण थांबतंय?" मी म्हणाले.

"तेच ना," बाई म्हणाल्या.

ते सुभेदारांचं. लायसन बाईंच्या नावावर करून घ्यायला पाच महिने गेले होते. चालवता येतं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "सुभेदारांनी शिकवलं होतं. झाडावरच्या नारळावर. एकदा लागला." आणि त्यांनी त्यातल्या गोळ्या काढून रुमालात बांधल्या, मगच ते माझ्या हातात दिलं. लहानसं दिसत होतं, पण अर्धा किलोला भारीच होतं.

मग आमचं सुरू झालं. परकराच्या नाडीत खोवून बघितलं तर परकरच खाली यायला लागला. उजव्या कमरेला बांधलं तर निऱ्यांच्या आतून हात काढता येईना. पाठीमागं बांधलं तर एसटीच्या बाकड्यावर मणक्यात घुसणार. खांद्यावरनं पट्टा घेऊन काखेत अडकवावं म्हटलं तर मोडक्या हाडावर पट्टा टेकताच बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मांडीला बांधतात म्हणे," मी म्हणाले.

"आणि काढताना?"

"काढताना आधी रस्त्यात साडी वर करायची. ते मारायचंच विसरतील."

ह्या वेळी बाई हसल्या. हसल्या आणि लगेच खालचा ओठ दातात धरला, कारण हसलं की हाड दुखायचं.

तेवढ्यात बाहेरनं ह्यांनी आवाज दिला, "मालन, कपाटाची किल्ली दे." मी उजवा हात पदराखाली घालून डाव्या कमरेची किल्ली काढली आणि पडद्यातून बाहेर दिली. वळले तर बाई माझ्या कमरेकडं बघत होत्या.

"पुन्हा कर तसं," त्या म्हणाल्या.

मी किल्ली नसलेल्या कमरेवर पुन्हा हात नेला. पदराखालून, डावीकडं. चंची असो, किल्ली असो, आमचा हात जन्मभर तिथंच जातो. वरून पदर असतो, कुणाला काही दिसत नाही आणि कुणाला काही वाटतही नाही.

"तिथं," बाई म्हणाल्या.

"तिथंच," मी म्हणाले.

हत्यार आमच्याकडं ठेवून जाणं कायद्यात बसत नव्हतं. ओलं कातडं तर त्याच्यावर चढवून दोन दिवस वाळवावं लागतं, तेव्हा कुठं पाकिटाला आकार येतो. मग ह्यांनी पायाचं पाऊल काढतात तसं कागदावर रिव्हॉल्व्हर ठेवून पेन्सिलीनं त्याचा आकार काढला, जाडी दोऱ्यानं घेतली आणि बाभळीच्या लाकडाचा फर्मा तासायला बसले. चपलेला पायाचा फर्मा, तसा हा रिव्हॉल्व्हरचा. बाई दुपारभर समोर बसून राहिल्या, मधून मधून हत्यार लाकडाशेजारी धरून दाखवत. हे बोलले नाहीत, बाई बोलल्या नाहीत. माझा जीव घुसमटला.

चार दिवस मी तेच शिवत होते. रुंद कापडी पट्टा, परकरावरून बांधायचा. त्याच्यावर काळ्या कातड्याचं पाकीट, अंगाकडच्या बाजूला मेंढीच्या कातड्याचं अस्तर. घोड्याच्या जागी कातडं दुहेरी, म्हणजे पदर अडकून चाप ओढला जाणार नाही. मी आयुष्यात लई टाके घातले, पण इथं एकेक टाका मी उजेडात धरून बघत होते. एक टाका चुकला तर बाईंच्या कमरेला टोचणार, टोचलं की त्या सारख्या तिथं हात लावणार आणि हात लावला की समोरच्याला कळणार. आमच्या धंद्यात टोचणं म्हणजे फोड येणं. इथं टोचणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी बाई आल्या त्या तोंडावरचं रक्त उतरलेल्या. खुर्चीवर बसल्या आणि पर्समधून एक पावती काढून माझ्यापुढं धरली.

"निवडणूक लागली," त्या म्हणाल्या. "आचारसंहिता. सगळी लायसनची हत्यारं जमा करायचा आदेश आला. सकाळी करून आले."

"उद्या तारीख हाय म्हणून सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं. म्हणाले, सूट हवी तर अर्ज करा, समिती बघेल. पंधरा दिवस लागतील. संरक्षणाला एक शिपाई द्या असं मी म्हणाले, तर शिपाई सगळे बंदोबस्ताला." त्यांनी पावतीची घडी घातली. "काटकरची हत्यारं मात्र कधी लायसनची नव्हतीच. ती जमा करायचा प्रश्नच नाही."

हे काम थांबवून ऐकत होते. "गाडी करून जावा," ते म्हणाले. "मी बघू का कुठं?"

"खडकमाळची एकही गाडी मला घेत नाही, व्हटकर. तुमच्या गावची घेईल, आणि मग त्या माणसाचं काय होईल? एसटी बरी. माणसं असतात."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. सरकारचा, काटकरचा, सुभेदारांचा, ज्यांनी गायरानासाठी जीव दिला आणि बाईला मागं ठेवलं. मी म्हणाले, "मग हे आता काय करायचं?" आणि पाकीट त्यांच्यापुढं टाकलं.

"बांध," बाई म्हणाल्या. "मागवलंय तर घेऊन जाते."

मागच्या खोलीत मी ते त्यांना बांधलं. बाई बसल्या आणि "स्स" करून उठल्या. रिकामं पाकीट बसताना दुमडत होतं आणि त्याची कडा कमरेत घुसत होती. भरल्या पाकिटाला शिवलेलं ते, रिकामं कसं राहील? मी कड वाकवून बघितली, टाका सैल केला, काही होईना. ह्यांनी बाहेरनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "रिकामं हाय म्हणून टोचतंय."

पडद्याच्या फटीतून ह्यांचा हात आत आला. हातात फर्मा होता. ओल्या काळ्या कातड्यात दोन दिवस राहून तो काळाकुट्ट झाला होता. त्यात ह्यांनी बारीक चुका-खिळे ठोकून वजन केलं होतं, म्हणजे कातडं नीट खाली बसावं.

मी फर्मा पाकिटात सरकवला. बाई बसल्या. उठल्या. वाकून जमिनीवरनं खडू उचलतात तसं केलं. पुन्हा बसल्या.

"आता काहीच वाटत नाही," त्या म्हणाल्या.

"असू दे मग. उद्यापुरतं असू दे."

"लाकूड घेऊन जाऊ?"

"आणि कडा टोचत दिवसभर उभं राहणार व्हय साक्षीला? असू दे म्हणते ना मी."

त्या गेल्या. गेल्या तशा ह्यांनी दोन वेळा दारात जाऊन रस्ता बघितला.

दुपारी सर्जेराव आला. काटकरच्या खाणीवरचा माणूस. चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून आला आणि बाकड्यावर बसून तंबाखू मळायला लागला. अंगठा तुटला नव्हता, कापला होता. ते मला दिसलं. मी टाका घालायला घेतला.

"थोरात बाईनं काय करून घेतलं?" त्यानं विचारलं.

"चप्पल."

"चपलेला पाच दिवस?" तो हसला. "मालनबाई, पाकीट शिवलंय तुम्ही. सगळ्यांना ठावं हाय. आन् हत्यार सकाळीच ठाण्यात गेलंय, ते बी ठावं हाय. रिकामं पाकीट कमरेला लावून म्हातारी उद्या निघणार. आता रिकाम्या पाकिटाला भ्यायचं व्हय आमी?"

तो एवढंच बोलून गप्प बसला असता तर मीही गप्प बसले असते. पण तो हसत राहिला. ह्यांच्याकडं बघून हसला, माझ्या हातातल्या चपलेकडं बघून हसला, आणि मला सुभेदारांचे बूट आठवले, जे ह्यांनीच शिवले होते आणि पंचनाम्यात एकच सापडला होता.

"रिकामं कुणी सांगितलं?" मी म्हणाले. "ठाण्यात एक गेलं. कमरेला दुसरं हाय. माझ्या हातानं घातलंय मी. डाव्या कमरेला, पदराखाली. वजन घेतलंय मी त्याचं. जवळ जाऊन बघा कुणाला बघायचं तर."

सर्जेराव हसायचा थांबला. त्यानं तंबाखू तोंडात टाकली, चप्पल पायात घातली आणि निघून गेला. मला वाटलं, मारलं बघ मी मैदान.

ह्यांनी रापी खाली ठेवली. "मालन, काय केलंस तू हे?"

"काय केलं? भिवून राहतील आता."

"भिवून राहतील?" हे उभे राहिले. मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ह्यांचा आवाज चढलेला ऐकला. "उद्या दोघं जायचे तिथं सहा जातील. हातानं धरायचे ते आता लांबनं मारतील. आन् तसं न्हाई तर पोलिसाला सांगतील. आचारसंहितेत हत्यार अंगावर. बाईला आत घालतील, अकरा वाजून जातील, तारीख गेली. कसंबी झालं तरी तू तिला संपवलीस."

मी चपला ठोकायच्या तीन पायांच्या ऐरणीशेजारीच खाली बसले. खडकमाळला तेव्हा फोनला रेंज नव्हती. ह्यांच्या सायकलवरून जायचं तर काटकरच्या खाणीवरूनच रस्ता.

गुरुवारी सकाळी पावणेनऊच्या एसटीला मी स्टँडवर हजर होते. खडकमाळची गाडी आमच्या गावावरूनच जिल्ह्याला जाते. बाई खिडकीशी बसल्या होत्या, जांभळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर पर्स. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तू कुठं?" त्यांनी विचारलं.

"कातडं आणायचंय," मी म्हणाले. खोटं बोलताना माझ्या तोंडाला कधी अडत नाही, खरं बोलतानाच अडतं.

पुढच्या थांब्यावर सर्जेराव चढला. बरोबर आणखी एक. दोघं शेवटच्या बाकावर जाऊन बसले. सर्जेरावनं मला बघितलं आणि मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

"बाई," मी हळू म्हणाले, "ते काढून माझ्याकडं द्या."

"काय?"

"लाकूड. मी पिशवीत ठेवते."

"असू दे की. टोचत नाहीये." त्यांनी पदराखाली हात नेला आणि तसाच ठेवला. "खरं सांगू मालन? लाकूड आहे हे मला माहीत आहे, तरी बरं वाटतंय."

मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. "बाई, काल दुपारी," एवढं बोलले आणि गाडीनं ब्रेक मारला.

नाकाबंदी होती. निवडणुकीची. रस्त्यात बॅरिकेड, कडेला राहुटी, जीप. खिंड तिथून पुढं तीन किलोमीटर. एक पोलीसबाई आत चढली आणि म्हणाली, "सरोजिनी थोरात कोण?"

सगळी गाडी वळली. बाई उभ्या राहिल्या. मी मागं बघितलं, तर सर्जेराव खिडकीतून बाहेर बघत होता, ओठ मिटून, आणि हातात फोन. ह्यांनी सांगितलेलं एकेक खरं होत होतं आणि मी तिथं बसून बघत होते.

"खाली या. झडती आहे."

मीही उतरले. "मी बहीण," म्हणाले. पोलीसबाईनं नाव विचारलं नाही. कंडक्टरनं पाच मिनिटं वाट बघितली, मग घंटी मारली. गाडी गेली. मागच्या काचेतून सर्जेराव आमच्याकडं बघत होता. माझ्या घड्याळात दहाला पाच कमी होते. कोर्ट तिथून पाऊण तासावर.

राहुटीत पडदा ओढला. पोलीसबाईनं पदर बाजूला केला, पाकिटाचं बक्कल उघडलं, हात घातला आणि थांबली. बाहेर काढलेली वस्तू तिनं दोनदा उलटीसुलटी करून बघितली.

"साहेब," तिनं बाहेर हाक दिली, "हे लाकूड हाय."

फौजदार पंचविशीतला असेल. त्यानं फर्मा हातात घेतला, नखानं खरवडला. काळ्याखालून बाभळ दिसली.

"काय आहे हे?"

"फर्मा," मी म्हणाले.

"कशासाठी?"

"टोचू नये म्हणून."

"माझी चेष्टा करताय?" तो म्हणाला. "पक्की खबर होती. थांबा इथं. पंचनामा करावा लागेल, साहेबांना विचारतो. तासभर लागेल."

मी त्याचे पाय धरले. खरंच धरले, त्या धुळीत. "साहेब, चूक माझी हाय, मला बसवून ठेवा, बाईला सोडा," असं काहीबाही मी बडबडत होते. त्यानं पाय मागं घेतले.

"मालन, ऊठ," बाई म्हणाल्या.

त्या पदर सारखा करत बाहेर आल्या. आवाज शाळेतला. "फौजदारसाहेब, तुम्हाला फोनवर काय सांगितलं? शब्दाला शब्द सांगा."

तो जरा गडबडला. "डाव्या कमरेला, पदराखाली, बेकायदा हत्यार."

"माझ्या कमरेला काय आहे हे ज्याला माहीत आहे, तो काटकरचा माणूस माझ्याबरोबर त्या गाडीत होता. तो मला कोर्टात पोचू देणार नाही. मी खुनाची साक्षीदार आहे. अकराला उभी राहिले नाही तर आरोपी सुटतो." त्यांनी पर्स उघडली. चष्म्याचं घर, रुमाल, खडूचा डबा, आणि मग त्या जाड पाकिटांतून तीन कागद काढून जीपच्या बॉनेटवर एकाशेजारी एक ठेवले. "संरक्षण मिळावं म्हणून तीन अर्ज. प्रत्येकावर पोच आहे. आज मी पोचले नाही, तर तासभर मी कुणाच्या राहुटीत होते हे न्यायाधीश विचारतीलच. आणि इथून पायी सोडलंत आणि खिंडीत काही झालं, तरी विचारतील."

फौजदारानं कागद वाचले. तिन्ही. मग घड्याळ बघितलं. मग पुन्हा पहिला कागद वाचला.

"माने," तो पोलीसबाईला म्हणाला, "बाईंना जीपमध्ये बसवा. पंचनामा कोर्टात करू."

मी मागं बाईंच्या शेजारी बसले, पलीकडं पोलीसबाई, पुढं फौजदार आणि त्याच्या मांडीवर ह्यांचा फर्मा. खिंडीत वळणावर एक रिकामा टिपर उभा होता, इंजिन चालू, कडेला दोघं उकिडवे बसलेले. जीप दिसल्यावर त्यांनी दुसरीकडं बघितलं. कशासाठी उभे आहात असं त्यांना कुणी विचारलं नाही. बाईंनी माझा हात धरला. कोर्टाचं दार येईपर्यंत सोडला नाही.

अकराला आठ मिनिटं कमी होती.

साक्ष दीड तास चालली. मी मागच्या बाकावर होते. काटकरच्या वकिलानं बाईंना चष्म्याचा नंबर विचारला, व्हरांड्यापासून रस्त्याचं अंतर विचारलं, उन्हाची दिशा विचारली, सुभेदारांचं आणि त्यांचं पटत होतं का तेही विचारलं. बाई हलल्या नाहीत. एकदाच त्यांनी बोट उचललं, काटकरकडं, आणि म्हणाल्या, "हे चालवत होते. ह्यांनी टिपर एकदा मागं घेतला आणि पुन्हा पुढं आणला." मग बोट खाली घेतलं. काटकर मान खाली घालून बसला होता.

बाहेर आल्यावर बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसायला गेल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"मालन, काढ गं ते. टोचतंय."

मला मग आठवलं. फर्मा फौजदारानं ठेवून घेतला होता. म्हणजे दीड तास बाई रिकाम्या पाकिटानं उभ्या होत्या. बायकांच्या खोलीत नेऊन मी पट्टा सोडला. डाव्या कमरेला बोटभर लांब लाल वळ उठला होता, मध्ये कातडी सोलून रक्त आलं होतं. माझ्याच टाक्याची कडा. मी पदराचं टोक ओलं करून तिथं लावलं आणि मला रडू फुटलं.

"बाई, फोन माझ्यामुळं गेला," मी म्हणाले. "काल सर्जेरावला मीच सांगितलं. दुसरं हत्यार हाय, डाव्या कमरेला हाय. त्यो हसला म्हणून सांगितलं. माझ्या तोंडाला किडे पडोत."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "डावी कमर तुला, तुझ्या नवऱ्याला आणि मला, तिघांनाच माहीत होती. त्या फौजदारानं म्हटलं तेव्हाच कळलं."

मी त्यांच्याकडं बघायला भीत होते. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, परकर एका हातात धरून, आणि खांदे हलत होते. मला वाटलं हाड दुखतंय. बघितलं तर त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मग नुसतंच पाणी राहिलं.

"तीन अर्ज केले गं मी," त्या म्हणाल्या. "तीन. एक शिपाई द्या म्हणून. काठीवालासुद्धा चालेल असं लिहिलं होतं शेवटच्यात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दिला नाही कुणी. आणि काटकरनं एका फोनवर पोलिसांची जीप मिळवून दिली."

मी त्यांची साडी नीट खोचून दिली आणि पाकीट हातात घेऊन उभी राहिले. आतलं मेंढीचं अस्तर घामानं चिंब झालं होतं.